साडेआठची नोंद

गेली आठ वर्षं रोज सकाळी साडेआठ वाजता मी एका टबापाशी उभी असते. रविवारीही असते, दिवाळीतही असते आणि नणंदेच्या लग्नाच्या दिवशीही होते. त्या दिवशी मी अक्षता पडता पडता मांडवात पोचले आणि सासरच्या मंडळींनी ते अजून विसरलेलं नाही. पूर्वी मी लोकांना नीट समजावून सांगायचे. आता नुसतं "कॉलेजचं काम" म्हणते, कारण टबातलं पाणी मोजण्यासाठी लग्न चुकवलं म्हटलं की माणसं आधी माझ्याकडे आणि मग माझ्या नवऱ्याकडे कीव आल्यासारखी बघतात.

मी मंजुषा गाडेकर. हर्सूलच्या बाजूला एका कॉलेजात भूगोल शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास चालू असेल तोवर प्राध्यापक, घंटा झाली की कुणी नाही. या वर्षी आमच्याकडे एक जागा कायमची भरायची आहे आणि तिला पीएच.डी. लागते. माझी पीएच.डी. नऊ वर्षं चालू आहे. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली, बायकांना मिळते ती जास्तीची मुदतवाढही घेऊन झाली. मे महिन्याची एकोणतीस तारीख ही शेवटची. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत प्रबंध विद्यापीठात पडला नाही तर नोंदणी रद्द. आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचं त्राण माझ्यात नाही, हे आधीच सांगून टाकते.

विषय आहे शहरातलं बाष्पीभवन. शहराचं नाव बदललं तेव्हा प्रबंधाच्या शीर्षकात छत्रपती संभाजीनगर करून घ्यायलाच तीन अर्ज लागले, बाकीच्याचं काय सांगू. पण काम ऐकायला सोपं आहे. सरकारी भाषेत ज्याला बाष्पीभवन पात्र म्हणतात त्याला कॉलेजात सगळे टब म्हणतात. चार फूट रुंद, वीतभराहून थोडा खोल, लाकडी चौकटीवर उन्हात ठेवलेला, पक्ष्यांनी पिऊ नये म्हणून वर तारेची जाळी. आत एक उभा काटा आहे. रोज सकाळी पाणी त्या काट्याच्या टोकाच्या खाली गेलेलं असतं. आपण पितळी मापानं मोजून पाणी ओतायचं आणि टोकाला टेकलं की थांबायचं. जितकं ओतावं लागलं तितकं काल हवेनं नेलं. तो आकडा वहीत लिहायचा आणि घरी जायचं.

आमच्या शहराची हवा समजून घ्यायला फार शिकावं लागत नाही. उत्तरेला जटवाड्याचे डोंगर, दक्षिणेला सातारा गावामागचे, मधली ही पठारावरची खोलगट जागा, आणि समुद्र पार सह्याद्रीच्या पलीकडे, आमच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखा. ढग येतात ते तिकडेच हात मोकळे करून येतात. त्यामुळे इथल्या हवेला कायमची तहान. मे महिन्यात चादर धुऊन दोरीवर टाकावी आणि आत येऊन चहा ठेवावा, तर दुसरा चहा होईपर्यंत चादर कडक वाळलेली. ओठ फुटतात, दारं आकसतात, कुलरच्या गवताचा दोन महिन्यांत भुसा होतो. वर्षाकाठी सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि उघड्या टबातून दोन हजारांच्या वर उडून जातो. हे वाक्य मी वर्षानुवर्षं मुलांना सांगते आणि ती परीक्षेत "हवामान उष्ण व कोरडे" एवढं लिहून मोकळी होतात. एका अर्थी त्यांचंही बरोबर आहे.

माझ्या प्रबंधात मात्र एक नवी गोष्ट निघाली होती. २०२० पासून दर उन्हाळ्यात टबातून उडणारं पाणी आधीच्यापेक्षा कमी भरत होतं. तापमान वाढतंय, माणसं होरपळतायत, आणि टब म्हणतोय की हवा पूर्वीइतकं पाणी पीत नाही. माझे मार्गदर्शक डॉ. मधुसूदन देवळगावकर हे वाचून खुर्चीत पुढे सरकून बसले होते. जगात काही ठिकाणी असं आढळलेलं आहे, आपल्याकडे कुणी दाखवलं नव्हतं. कॉलेजच्या पश्चिमेला उभ्या राहिलेल्या सातमजली इमारतींनी वारा अडवला आणि वाळूजकडून येणाऱ्या धुळीनं ऊन झाकलं, असा आम्ही त्याचा अर्थ लावला. सरांनी एका परिषदेत मला तो वाचायलाही लावला. टाळ्या पडल्या. आयुष्यात माझ्यासाठी टाळ्या पडल्या त्या तेवढ्याच.

त्यात एक कुसळ होतं. नुसती घट नव्हती. उन्हाळ्यात दर काही दिवसांनी आकडा एकदम तीन-चार मिलिमीटरनं खाली यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत जागेवर. कधी पाच दिवसांनी, कधी आठ, एका वर्षी तर अकरा. सरांनी त्याला वरच्या थरातल्या वाऱ्यांचं आवर्तन म्हटलं आणि त्यावर चौदा पानांचं एक प्रकरण झालं. मला ते कधी पटलं नाही. पण नऊ वर्षं एखादी गोष्ट चालू असली की पटण्याचं काही राहत नाही, ती संपली म्हणजे झालं असं होतं.

चोवीस मेचा रविवार होता. प्रबंधाच्या प्रती बांधून आल्या होत्या, काळ्या कापडी बांधणीच्या, सोनेरी अक्षरांच्या. नवरा, कृष्णा, वाळूजला पहिल्या पाळीला गेला होता आणि मोनिका क्लासला. वर्षभर हात न लावलेलं स्वयंपाकघरातलं फडताळ मी आवरायला काढलं. डब्यांखाली जुनी कॅलेंडरं अंथरलेली होती, पाठची कोरी बाजू वर करून. ती काढून झटकताना एक पान उलटलं. एप्रिल २०२३. आमच्या घरात कॅलेंडरवर दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात, गॅस कधी लावला ते, आणि नळाला पाणी ज्या दिवशी आलं त्या तारखेभोवती निळं गोल. जायकवाडी भरलेलं असो नाहीतर रिकामं, शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि निळं गोल विसरलं तर अंघोळीचे वांधे होतात, म्हणून हे प्रत्येकाच्या घरी असतं.

चार, दहा, सतरा, पंचवीस. मी ते पान हातात घेऊन उभी राहिले. एप्रिल २०२३ मधल्या आवर्तनाच्या तारखा मला तोंडपाठ होत्या, महिनाभर त्याच तक्त्यांची मुद्रितं तपासत होते. पाच, अकरा, अठरा, सव्वीस. दर वेळी बरोबर एक दिवस पुढे. आणि ते असंच असायला हवं होतं, कारण साडेआठची नोंद आदल्या दिवसाची असते.

मी बाकीची कॅलेंडरंही काढली, डबे तसेच जमिनीवर ठेवून. मे २०२१, मार्च २०२२, एप्रिल २०२४. सगळीकडे तेच. ज्या वर्षी पाणी अकरा दिवसांनी येत होतं त्या वर्षी वरच्या थरातले वारेही अकरा दिवसांनी येत होते. माझं घर कॉलेजच्या मागच्याच गल्लीत, टबासाठीच तिथं घेतलेलं, त्यामुळे आमचा आणि कॉलेजच्या आवाराचा पाण्याचा दिवस एकच. मला हसू आलं, आणि मग मी डब्यांच्या मध्येच बसले. जगातलं कुठलंही हवामान महापालिकेचं वेळापत्रक पाळत नाही. कुणीतरी माणूस टबात पाणी टाकत होता.

टबाच्या कुंपणाची किल्ली दोघांकडे होती. एक माझ्याकडे आणि दुसरी सांडूकडे. सांडू आमचा वॉचमन. तो आणि त्याची बायको सारजाबाई आवारातल्याच एका खोलीत राहतात. ती सकाळी आवार झाडते. दोघं मूळची फर्दापूरकडची, पोटापाण्यासाठी शहरात आलेली, आणि त्यांना इथं येऊन दहा वर्षं झाली असतील.

सोमवारी नोंद घेऊन मी घरी गेल्याचं दाखवलं आणि मागच्या दारानं प्रयोगशाळेत जाऊन खिडकीशी बसले. सुट्टी होती, आवारात चिटपाखरू नव्हतं. दीडच्या सुमारास, बेचाळीस अंशांच्या उन्हात, सारजाबाई डोक्यावर पदर ओढून खोलीतून बाहेर आली. हातात तांब्या होता. तिनं कुंपणाचं दार उघडलं, टबात वाकून बघितलं आणि जाळीवरून पाणी सोडलं, हळूहळू, सांडणार नाही असं. परत खोलीत गेली, दुसरा तांब्या आणला, तोही ओतला. मग जाळीवर पडलेला कडुनिंबाचा पाला काढून टाकला. सगळं इतक्या सवयीनं चाललं होतं की मला राग यायच्या आधी क्षणभर ते बघतच राहावंसं वाटलं.

राग मग आला, आणि चांगलाच आला. मी तशीच बाहेर गेले आणि तिला काय काय बोलले ते आता लिहवत नाही. माझ्या नऊ वर्षांवर पाणी फिरवलंत, असं मी म्हणाले हे आठवतं, आणि ते शब्दशः खरं होतं. तिला काही कळेना. ती तांब्या छातीशी धरून माझ्याकडे बघत राहिली.

"मॅडम, म्या चोरी नाय केली," ती म्हणाली. "टाकलंच हाय, काढलं नाय."

का टाकलं, म्हणून मी विचारलं. तेव्हा तिनं सांगितलं. ती रोज सकाळी झाडताना मला बघायची. मी यायचे, टबात वाकायचे, माझं तोंड पडायचं, आणि मग माप घेऊन मी पाणी भरायचे, तेही डोळ्याला लावून, थेंबाथेंबानं. तिनं सांडूला विचारलं. त्यानं अंदाज बांधला की साहेबांनी हे पाणी मॅडमच्या ताब्यात दिलेलं असणार आणि कमी झालं की मॅडमना भरून द्यावं लागत असणार. रात्रीतून कुणी पाणी नेतंय असं त्याचं म्हणणं, आणि आळ आपल्यावर येऊ नये म्हणून तो गप्प. पाणी चोरीला जाणं ही आमच्या शहरात काही अचंब्याची गोष्ट नाही. लोक टाकीच्या झाकणाला कुलपं लावतात.

"मंग मी म्हनलं, थोडं आपुन टाकावं. तेवढंच तुमाला कमी भरावं लागंल," सारजाबाई म्हणाली. "नळ आला की मंग जरा जास्त टाकायची. एरवी दोनच तांबे. आमच्या ड्रमातलं."

तिचा ड्रम मी बघितलेला आहे. निळा, दोनशे लिटरचा, दोन माणसांना नळ येईपर्यंत पुरवायचा. त्यातलं पाणी ती सहा वर्षं माझ्या टबात टाकत होती आणि मी ते मोजून, सरासरी काढून, आलेख काढून, त्याला शहराची हवा म्हणत होते. सातमजली इमारती, वाळूजची धूळ, वरच्या थरातले वारे. सगळं मिळून दोन तांबे.

मी तिला विचारलं, सुरुवात कधी केली. ते तिला पक्कं आठवत होतं. लॉकडाऊनचा पहिला उन्हाळा, आवारात आम्ही तिघंच, आणि एका सकाळी मी टबाला धरून रडत होते. तिनं लांबून बघितलं होतं. जवळ यायची सोय नव्हती, तेव्हा कुणी कुणाच्या जवळ जात नव्हतं. लई पाणी गेलं असंल, बिचारीला बोलणं बसलं असंल, असं तिला वाटलं आणि त्याच दुपारपासून ती टाकू लागली.

तो दिवस माझ्याही लक्षात आहे. आठ मे २०२०. पहाटे गंगापूरहून भावाचा फोन आला, आई गेली. गंगापूर इथून तासाभराच्या वाटेवर. पण शहरातून आलेल्या माणसाला गावात घेत नव्हते. भाऊ म्हणाला, ताई, येऊ नकोस, उगीच वेशीवर तमाशा होईल, आम्ही दहा वाजायच्या आत उरकतो. मी बरं म्हणाले. मग साडेआठ वाजले म्हणून इथं आले. दुसरं कुठं जाणार होते? त्या दिवशीची नोंद वहीत आहे, तेरा पूर्णांक चार, स्वच्छ अक्षरात. आता कळत होतं की माझ्या सगळ्या उन्हाळ्यांमधली ती शेवटची खरी नोंद होती.

सारजाबाईला मी यातलं काही बोलले नाही. यापुढे टाकू नका, एवढंच सांगून निघाले.

मंगळवारी सकाळी देवळगावकर सरांकडे गेले. सर जूनअखेर निवृत्त होतायत, मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, निळी गोलं बघितली, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं रागावतील. पण त्यांच्यातही रागवायचं बळ उरलेलं नसावं. खरे उन्हाळे किती हातात राहतात, असं त्यांनी विचारलं. दोन, मी म्हणाले. बाकी सगळे गेले. तिनं कधी किती टाकलं याचा हिशेब लागणं शक्य नाही, आणि उरलेल्या दोन उन्हाळ्यांत प्रबंध होत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मग त्यांनी वाट सुचवली. आवर्तनाचं प्रकरण काढून टाकायचं. रोजच्या आकड्यांऐवजी महिन्याच्या सरासऱ्या द्यायच्या, म्हणजे ते खळगे दिसणारच नाहीत. घट तेवढी राहील. दोन दिवसांत पानं बदलून पुन्हा बांधणी होते, बाइंडर ओळखीचा आहे. ते म्हणाले, "मंजुषा, परीक्षक टबात डोकावायला येत नसतात. तू फक्त त्या बाईला सांगून ठेव, कुठं बोलू नको म्हणून."

सर वाईट माणूस नाहीत. माझ्या तिन्ही मुदतवाढींना त्यांनी सही दिली आहे, एकदा तर दवाखान्यातल्या खाटेवरून. ते हे माझ्यासाठी म्हणत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच ऐकायचं होतं. म्हणूनच गेले होते. दोन दिवस बसून मी पानं बदलली. सरासऱ्यांमध्ये सगळं गुळगुळीत झालं. गुरुवारी संध्याकाळी नव्या पाच प्रती बांधून आल्या. कृष्णानं पेढे आणले, मोनिकानं प्रती पिशवीत भरताना वरच्या पानावरचं माझं नाव मोबाइलमध्ये टिपून मामाला पाठवलं. कुणाला काही सांगितलं नव्हतं. मी पेढा खाल्ला.

शुक्रवारी, एकोणतीस तारखेला, दुपारी मी प्रतींची पिशवी घेऊन विद्यापीठाकडे निघाले. वाटेत कॉलेज. सारजाबाईशी बोलायचं तेवढं राहिलं होतं. ती खोलीच्या पायरीवर सावलीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मला बघून उठली आणि आधी हेच म्हणाली की चार दिवसांत टबात थेंब टाकलेला नाही. चेहरा ओढलेला होता. तिला या चार दिवसांत झोप नसावी.

मी आडवळणानं सुरुवात केली. झालं ते झालं, पण हे आपल्या दोघींतच राहू द्या, कुणी विचारलं तर काही बोलू नका. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिनं मान हलवली.

"नाय सांगणार. कुणी इचारलं तर म्हनंल, म्या त्या टबाला कधी हातच लावला नाय. पोराची आण घेऊन सांगते," ती म्हणाली आणि खरंच हात वर केला.

तिचा एकुलता एक मुलगा सिल्लोडला गॅरेजात कामाला आहे. वर्षातून दोनदा येतो. माझ्या प्रबंधासाठी ती त्याची आण घेत होती आणि तो प्रबंध म्हणजे काय हेही तिला माहीत नव्हतं. मला फार लाज वाटली. सहा वर्षं तिच्या ड्रमातलं पाणी घेतलं, तेव्हा निदान मला माहीत नव्हतं. आज मी समजून-उमजून तिच्याकडून खोटं मागत होते आणि ती तेही तांब्या भरून द्यायला तयार होती.

मी तिचा हात खाली घेतला. आण घेऊ नका, म्हणाले. कुणी विचारलं तर जे केलं ते सांगा. मग तिच्या शेजारी उभी राहून तिला सगळं समजावून सांगितलं, पहिल्यांदाच. की पाणी कुणी चोरत नव्हतं, हवाच नेत होती, आणि ती किती नेते तेवढंच मला लिहायचं होतं. की कमी झालं म्हणून मला कुणी बोलत नव्हतं. की टबात माणसाचं पाणी पडलं तर त्या लिहिण्याला अर्थ राहत नाही आणि त्यामुळे पिशवीतली ही पुस्तकं आता कुठं द्यायची नाहीत. ती टबाकडे बघत ऐकत होती. हवा इतकं पाणी नेते हे तिला पटायला वेळ लागला नाही, तिचा ड्रमही झाकण उघडं राहिलं की उतरायचा. पुस्तकांचं ऐकून मात्र तिनं तोंडावर पदर धरला.

"म्हंजे माझ्यामुळं तुमचं गेलं," ती म्हणाली.

मी नाही म्हणाले नाही. खोटं बोलायचं नाही हे आत्ताच ठरलं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं, एवढंच म्हणाले.

तांदळातला एक खडा सारजाबाईनं उगीच उचलून टाकला. मग तिनं मान वर केली.

"पाण्याचं तुमाला कुणी बोलत नव्हतं, तर त्या दिवशी रडत का व्हत्या?"

हा प्रश्न सहा वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. घरी मी त्या दिवशी नेहमीसारखी परत गेले होते, आणि आई गेल्याचं कळल्यावर सगळे जे बोलायचं ते बोलले होते, पण मी रडले कुठं, कशी, हे कुणी विचारलं नाही, कारण कुणी बघितलंच नव्हतं. मी तिला सांगितलं. आई गेल्याचं, गावाच्या वेशीचं, भावाच्या फोनचं. आणि हेही सांगितलं की तिकडे आईला नेत होते त्या वेळी मी इथं पाणी मोजत होते, आकडा चुकू नये म्हणून डोळे पुसून पुसून.

सारजाबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"मंग सांगायचं व्हतं की मॅडम," ती म्हणाली. "म्या पाणी कशाला टाकलं असतं? बसले असते तुमच्यापाशी."

सव्वातीन वाजले होते. इथून विद्यापीठ रिक्षानं वीस मिनिटं, आणि खिडकी पाचला बंद होते. मी पिशवी भिंतीला टेकवली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले. साडेपाच वाजेपर्यंत आम्ही दोघी तिथंच होतो.